तोंडाशी हात: मुलांना अक्षरांचे उच्चार खुणांनी कसे शिकवायचे

आरशासमोर उभं राहा आणि आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवून म्हणा, पापा, बाबा, मामा. तिन्ही सारखेच दिसतात ना? आता विचार करा, ज्या पोराला कानाने हा फरक नीट पकडता येत नाही, किंवा कानाने पकडता येतो पण तोंडाने काढता येत नाही, त्याला आपण समोर बसवून "नीट बघ माझ्याकडे, ब म्हण ब" असं दहा वेळा सांगतो. तो बिचारा बघतोच आहे. बघून काही कळत नाही ही गंमत आहे.

अमेरिकेत गॅलॉडेट कॉलेजच्या डॉ. ऑरिन कॉर्नेट यांनी १९६६ साली बहिऱ्या मुलांसाठी नेमक्या याच अडचणीवर क्यूड स्पीच नावाची पद्धत काढली. इंग्रजीसाठी हाताचे ८ आकार व्यंजनांना आणि चेहऱ्याजवळच्या ४ जागा स्वरांना, म्हणजे ओठांवर जे सारखं दिसतं ते हातावर वेगळं दिसायचं. ही साइन लँग्वेज नव्हे हं, साइन लँग्वेज ही स्वतंत्र भाषा आहे, हे फक्त बोललेला आवाज डोळ्यांना दाखवणं. आपल्याला एवढं सगळं शिकायची गरज नाही. ज्यांची पोरं ऐकतात, पण एखादं अक्षर अडतं, किंवा पहिलीत वाचायला बसली की प आणि फ मध्ये घोळ होतो, अशा घरासाठी आणि वर्गासाठी मी काय करते ते सांगते. मी गोव्यात डिचोली तालुक्यात मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं घरी कोंकणी बोलतात, काही कन्नड, काही हिंदी, आणि पाटीवर सगळ्यांची मराठी.

खुणा दोन प्रकारच्या असतात, आधी हे समजून घ्या

इंग्लिश मीडियमच्या केजीत मुलं स म्हणताना साप वळवतात, त्यांचा हात सळसळत जातो. ती आठवणीची खूण. अक्षर बघितलं की साप आठवतो, साप आठवला की आवाज आठवतो. चांगली आहे, मजेची आहे, पण ज्या पोराची जीभ स ला दातांबाहेर येते त्याला सापाचा उपयोग शून्य, कारण साप जिभेला कुठे जायचं ते सांगत नाही.

दुसरी खूण जागेची. हात तोंडाजवळ अशा ठिकाणी आणि अशा आकारात धरायचा की जीभ आत काय करतेय ते बाहेर दिसावं. मला ही जास्त आवडते, आणि मराठीसाठी तर ही आयती आहे. आपली वर्णमाला लावलीच आहे तोंडातल्या जागेप्रमाणे. क-वर्ग घशाशी, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ मागे वळवून, त-वर्ग दाताला, प-वर्ग ओठांना. घशापासून ओठांपर्यंत सरळ प्रवास. आणि प्रत्येक ओळीत तोच क्रम, साधं, हवेचं, घुमणारं, घुमून हवेचं, नाकातलं. म्हणजे ५ जागा आणि ३ जास्तीच्या खुणा, श्वास, गुंजन आणि नाक, एवढ्या ८ खुणांत २५ अक्षरं बसतात. २५ वेगवेगळे हातवारे पाठ करायला लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

त्याच्याही आधी कान

हे वाचून लगेच सुरू करू नका. उच्चार अडतोय असं वाटलं तर पहिलं काम कान तपासून घेणं. सर्दीने कानात पाणी साचून महिनोन्महिने अर्धवट ऐकणारी पोरं मी बघितली आहेत, घरचे म्हणतात लक्ष देत नाही. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभाग आहे, तिथे दाखवा, किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आरोग्य तपासणी होते तेव्हा डॉक्टरांना आवर्जून सांगा, ती तपासणी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे.

आणि वय बघा. प, ब, म लवकर येतात. क आणि ग ला त आणि द म्हणणं साडेतीन-चार वर्षांपर्यंत खूप मुलांत असतं. र आणि ळ सगळ्यात शेवटी, सहा-सात वर्षांपर्यंतही जातात. पुढचे दुधाचे दात पडलेले असतील तर स फिसकटणारच, दात येईपर्यंत त्याच्या मागे लागू नका.

पाच जागा, पाच हात

जागेच्या खुणेला उजवा किंवा डावा, एकच हात कायम वापरा. हात ओठांच्या बाजूला धरायचा, तोंड झाकायचं नाही, कारण पोराला तोंडही दिसायला हवं. आणि मुलाच्या चेहऱ्याला आपण हात लावत सुटायचं नाही, त्याचा हात, त्याचा चेहरा.

प-वर्ग सगळ्यात सोपा. अंगठा आणि पहिलं बोट चिमटीसारखं ओठांच्या कोपऱ्याशी मिटलेलं, आवाज सुटला की चिमटी उघडते. ओठ मिटले, उघडले, तसंच. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवर पों पों करत येतो, त्याचा हॉर्न दाबल्यासारखी चिमटी म्हटली की कुणालाही समजावं लागत नाही.

त-वर्ग. पहिलं बोट सरळ, वरच्या पुढच्या दातांकडे रोखलेलं, दातांना न लावता. जिभेचं टोक तिथे जाऊन टेकतं.

ट-वर्ग. तेच बोट, पण आता हुकासारखं वर आणि मागे वळवलेलं, हाताचा तळवा वर. त आणि ट लागोपाठ करून बघा, बोट सरळ, बोट वळलेलं, सरळ, वळलेलं. जीभ आत हेच करते. हिंदी-मराठीच्या पोरांना हे जन्मतः येतं असं आपल्याला वाटतं पण टेबलाला तेबल म्हणणारी आणि टोपीला तोपी म्हणणारी पोरं दरवर्षी एक-दोन असतात.

च-वर्ग. तळहात किंचित खोलगट, पालथा, गालाच्या उंचीवर. हे टाळूचं छप्पर. समजावताना दुसऱ्या हाताचा तळवा खालून वर नेऊन त्याला चिकटवायचा, जिभेचा रुंद भाग असा चिकटतो. खूण मात्र नुसत्या छपराची.

क-वर्ग. हा अवघड, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. हनुवटीच्या खाली, जबडा आणि गळा मिळतो तिथे मऊ भाग असतो, त्यावर दोन बोटं ठेवा आणि क क क म्हणा. आत काहीतरी वर उचललं गेल्यासारखं लागतं, ती जिभेची मागची बाजू. खूण तीच, दोन बोटं गळ्याच्या वरच्या कोपऱ्याला.

मग तीन जास्तीच्या

श्वास. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ. जागेची खूण करून आवाज सुटताना मूठ झटकन उघडायची, बोटं फाकवून, जशी काही हवा बाहेर फेकली. पोराला आधी अनुभव द्या: पातळ कागदाची पट्टी तोंडासमोर धरा, प म्हणताना पट्टी जेमतेम हलते, फ म्हणताना उडते. पाट-पाठ, काट-खाट, दार-धार, बात-भात, अशा जोड्या घ्या. आमच्याकडे ही खूण जास्त लागते, कारण कोंकणी घरात काहींच्या बोलण्यात भ आणि ब, घ आणि ग यातला फरक पुसट असतो. ती चूक नव्हे, ती त्या घरची बोली. मराठी लिहिताना मात्र भात आणि बात वेगळे लिहावे लागतात म्हणून हात. फ बद्दल एक: इंग्लिशच्या सवयीने आता पुष्कळ मुलं, खरं तर मोठी माणसंही, वरचे दात खालच्या ओठाला लावून फ म्हणतात. फोंडा म्हणताना ऐका. त्याला दोष म्हणून दुरुस्त करत बसू नका.

गुंजन. ग, ज, ड, द, ब. सगळे सांगतात गळ्यावर हात ठेव, ब ला थरथरतं आणि प ला नाही. करून बघा, प ला पण थरथरतं! कारण प म्हणजे प् आणि अ, आणि अ ला गळा थरथरतोच. पोरगं गोंधळतं, बाई खोटं बोलतात म्हणतं. खरा फरक ओठ उघडायच्या आधी आहे. ओठ मिटूनच ठेवा आणि आतल्या आत गुंजन सुरू करा, गाल फुगल्यासारखे होतात, मग उघडा, तो ब. प ला मिटलेल्या ओठांमागे शांतता. म्हणून माझी खूण अशी की जागेचा हात आणि दुसरा तळहात गळ्यावर, आणि गळ्यावरचा हात आधी ठेवायचा, चिमटी नंतर उघडायची. हा अर्ध्या सेकंदाचा क्रम चुकला तर खूण फुकट जाते.

नाक. म, न, ण. जागेची खूण आणि दुसऱ्या हाताचं एक बोट नाकपुडीच्या बाजूला. म लांबवत नाक चिमटीत धरलं की आवाज बंद पडतो, हा प्रयोग वर्गात एकदा करा, पुढची दहा मिनिटं शिकवणं होणार नाही एवढं गृहीत धरून.

ङ आणि ञ सुटे शिकवू नका. कुणी वापरत नाही. ते अनुस्वारात घ्या, आणि तिथे ही पद्धत अशी काही खुलते की मला अजून दरवर्षी मजा वाटते. अनुस्वाराची स्वतःची जागा नसते, तो पुढच्या अक्षराच्या जागेवर जाऊन बसतो. आंबा म्हणताना ब साठी ओठ आधीच मिटतात, म्हणून नाक आणि चिमटी. अंत म्हणताना नाक आणि दात. अंडं, नाक आणि हूक. पंचमी, नाक आणि छप्पर. अंगण, नाक आणि गळ्याचा कोपरा. पोरांना नाकाला बोट लावून पुढच्या अक्षराची जागा शोधायला लावायची, तीच शोधतात, आणि मग अंगण मधला अनुस्वार न सारखा नाहीये हे कुणी न सांगता त्यांच्या तोंडाला कळतं.

ओळीबाहेरची

स ला बोट दातांपासून सरळ पुढे, एक बारीक रेघ ओढल्यासारखं, दात मिटलेले. श ला ओठांवर चूप करायचं बोट, तेच आपोआप बरोबर आहे, कारण ओठ थोडे पुढे येतात. ष ला वेगळी खूण करू नका, आज बोलताना आपण ष आणि श सारखेच म्हणतो, तो लिहिण्याचा विषय आहे. ह ला तळहातावर आरशावर टाकतो तशी वाफ. य आणि व ला मी खूण देतच नाही, त्यावाचून अडत नाही.

ल आणि ळ. ल ला बोट दातांकडे रोखून तसंच धरून ठेवायचं, आत जीभ दातांच्या मागे टेकलेली, ल लांबवता येतो, लललल. ळ ला बोट हुकासारखं मागे आणि तिथून पुढे झटकायचं, टिचकी मारल्यासारखं. ळ ला थांबता येत नाही, जीभ आपटून निसटते. ज्यांच्या घरी हिंदी आहे त्यांना ळ नवाच असतो, नारळाचा नारल होतो. ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून सुटा ळ घोकून घेण्यापेक्षा बाळ, केळं, तुळस, माटोळी, साखळी असे शब्द घ्या. काल आणि काळ ही जोडी शेवटी.

र ला दातांकडे रोखलेल्या बोटाचं टोक थरथरवायचं. पण सहा वर्षांच्या आत र साठी हटून बसू नका हो.

च आणि ज चं मराठीत वेगळंच नाटक आहे. चिमणीचा च टाळूचा, चाकाचा च दातांचा. लिहिताना एकच. मी चाकाच्या च ला दातांचं बोट आणि मग स सारखी पुढे रेघ, असं करते, आणि चिमणीला छप्पर. चमचा म्हणा, दोन्ही वेळा बोट दातांकडे. आता चमचे म्हणा. दुसरा च छपरावर गेला! माझा आणि माझी मध्येही तेच. इ आणि ए आले की जीभ टाळूला जाते, हे नियम म्हणून सांगू नका, हात बदलताना पोरं स्वतः ओरडतात "बाई, बदललं!" कोंकणी घरातल्या मुलांना हे दोन्ही च घरूनच येतात, त्यांना फक्त अक्षर एकच आहे एवढं सांगावं लागतं. हिंदी-कन्नड घरातल्यांना चाकाचा च शिकवावा लागतो.

स्वर

आ ला हनुवटीखाली पालथा हात, जबडा खाली आला की हात खाली ढकलला जातो. इ ला अंगठा आणि बोट ओठांच्या कोपऱ्यांसमोर धरून बाजूला ताणायचं. उ ला बोटांचं छोटं कडं ओठांसमोर, ओ ला मोठं कडं. ए ला इ चंच पण कमी ताणलेलं. ऐ म्हणजे अ पासून इ कडे जाणारा हात, औ म्हणजे अ पासून उ कडे. ऱ्हस्व-दीर्घाला हात लांबवतात काहीजण, मी नाही करत. बोलताना आपणच तो फरक धड पाळत नाही आणि मग पोराला जे ऐकूच येत नाही ते हाताने ऐकवायचं, कशाला? लिहायला लागल्यावर बघू.

रोज कसं करायचं

पाच मिनिटं. जास्त नाही. सकाळी आंघोळ झाल्यावर किंवा रात्री जेवणाआधी, आणि अर्धा वेळ आरशासमोर.

पहिले दोन-तीन दिवस मुलाने काही म्हणायचंच नाही. तुम्ही म्हणायचं आणि खूण करायची, त्याने ओळखायचं, क होता का त. त्याला ऐकून फरक कळत नसेल तर तोंडून काढायला लावणं व्यर्थ आहे, आणि बहुतेक पालक इथेच घाई करतात. मग उलट, तुम्ही चूक करायची. काका ला ताता म्हणा आणि हात गळ्याला ठेवा, बघा पकडतो का. पकडलं की पोरं भयंकर खूश होतात.

नंतर एकत्र, तुमचा हात आणि त्याचा हात, आवाजही एकत्र, सावकाश. मग तुम्ही नुसती खूण, आवाज त्याचा. मग तो खूण करणार आणि तुम्ही म्हणणार, त्याला बाई केलं की अंगात येतं. आधी सुटा आवाज, मग क का कि कु, मग छोटा शब्द, मग शब्दाच्या शेवटी क असलेला, नाक, चूक, मग दोन शब्द, मग वाक्य. एका पायरीवर दहातले आठ बरोबर आले की पुढे, नाहीतर तिथेच थांबा, आणि थकला तर मागे.

माझा भाचा साडेचार वर्षांचा होता तेव्हा काकाला ताता, गाईला दाय, केळ्याला तेळं म्हणायचा. घरात एक काका आणि एक तात्या, दोघेही ओ द्यायचे. आजी म्हणायची, व्हड जालो काय उलयतलो गो तो, म्हणजे मोठा झाला की बोलेल गं तो. कान तपासले, ठीक होते. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत सुरुवात केली. दोन बोटं गळ्याच्या कोपऱ्याला ठेवली तरी जिभेचं टोक पुढे धावायचंच, सवय ती. मग त्याला चटईवर उताणा झोपवला, तसं केलं की जीभ आपल्याच वजनाने मागे जाते, आणि घोटभर पाण्याच्या गुळण्या करताना घशात जसा आवाज येतो तसा, पाण्याशिवाय, काढायला लावला. पाणी घेऊन झोपवून नाही हं, ठसका लागेल. चौथ्या दिवशी एक अस्सल क निघाला, इतका घशातून की कावळा वाटला. त्याला वाटलं चुकलं. मी म्हटलं हाच, हाच! मग आठवडाभर तो घरात कावळा होता. क पासून का ला यायला पंधरा दिवस गेले आणि काका म्हणायला आणखी बरेच, कारण सुटं अक्षर येणं आणि भूक लागलेली असताना घाईत शब्दात येणं यात खूप अंतर असतं. चमचा किंवा आईस्क्रीमची काडी तोंडात घालून जीभ मागे ढकलायचे प्रकार करू नका, थेरपिस्ट शिकून तोंडाला स्पर्श करतात, आपण शिकलेलो नाही.

वाचनाला जोडायचं कसं

कमळ, घर, मगर असे बिनमात्रेचे शब्द घ्या. प्रत्येक अक्षराला त्याच्या जागेचा हात, आणि हात थांबू न देता एकातून दुसऱ्यात नेत जायचं, क, म, ळ, कमऽळ, कमळ. तोडून तोडून म्हटलं की क-अ म-अ ळ-अ होतं आणि शेवटचा अ आपण बोलतच नाही, तेव्हा पोराला जो शब्द तयार होतो तो त्याने कधी ऐकलेलाच नसतो. हात सरकत राहिला की आवाज चिकटतात.

एक शब्द जवळून दाखवते, घुमट, म्हणजे आमचं मातीचं वाद्य. चवथीला आरतीत वाजतं म्हणून पोरांना प्यारं. आधी घ: दुसरा तळहात गळ्यावर, गुंजन सुरू, दोन बोटं गळ्याच्या कोपऱ्याला, सुटताना मूठ फाकली. तिथून लगेच हात ओठांसमोर छोटं कडं, उ. मग चिमटी आणि नाकाला बोट, म. मग हूक, ट, आणि तिथे थांबायचं, ट ला अ नाही जोडायचा. पहिल्यांदा हाताची गुंतागुंत होते, सगळे हसतात. तिसऱ्या वेळी घुमट वाजवल्यासारखी लय येते आणि मग गुमट लिहिणारं पोरगं थांबतं, मुठीकडे बघतं आणि घ लिहितं. हे बघायला मिळतं म्हणून तर मी हे करते.

माझा आवडता खेळ बसचा. एक पोरगं कंडक्टर, दारात उभं राहून गावांची नावं ओरडणार, पणजी पणजी पणजी, म्हापसा म्हापसा, पण प्रत्येक ओरडण्याबरोबर पहिल्या अक्षराची खूण. ज्याला खूण कळली तोच बसमध्ये चढणार. फोंडा ला चिमटी आणि फाकलेली मूठ, डिचोलीला हूक आणि गळा, केप्याला गळ्याचा कोपरा. पुढे शब्दातल्या आतल्या अक्षरावर जायचं. काणकोण मध्ये नाक आणि हूक किती वेळा? दोन. साखळीत ळ कुठे? म्हापसा तर म आणि ह एकत्र, नाकाला बोट आणि लगेच वाफ. गोव्याच्या १२ तालुक्यांच्या आणि गावांच्या नावांत जवळजवळ सगळी अवघड अक्षरं सापडतात, पुस्तक उघडावंच लागत नाही.

मूल इंग्लिशच्या शाळेत जात असेल तर तिथल्या खुणा तिथे राहू द्या. इंग्रजीतला टी आपल्या ट आणि त च्या मधला, दातांच्या मागच्या हिरडीला टेकणारा, त्याला आपला हूक लावलात तर दोन्हीकडे घोटाळा.

हात सोडायचा कधी

सुरुवातीला प्रत्येक अक्षराला, मग फक्त चुकणाऱ्या अक्षराला, मग चूक झाल्यावरच, मग नुसता हात उचलायचा तोंडापर्यंत न नेता. शेवटी टेबलावर बोट वाकवलं तरी ट येतो. वर्गात दुसऱ्या मुलांसमोर खुणा करून दुरुस्त करू नका, त्याचं हसं होतं आणि मग ते बोलायचंच कमी करतं. आणि पोरगं काहीतरी महत्त्वाचं सांगत असेल, कुत्र्याने चप्पल नेली वगैरे, तेव्हा ऐकून घ्या, त ता केलं तरी. खूण उद्या.

अडखळत बोलणाऱ्या, शब्दाचं पहिलं अक्षर परत परत म्हणणाऱ्या मुलावर हे करू नका, तो प्रश्न जागेचा नाही आणि हाताने ताण वाढतो. दोन वर्षांचं मूल ५० शब्दही बोलत नसेल किंवा दोन शब्द जोडत नसेल, चार वर्षांच्या मुलाचं परक्या माणसाला अर्ध्याहून जास्त कळत नसेल, येत असलेलं बोलणं गेलं असेल, किंवा तोच शब्द दर वेळी वेगळाच आणि तोंड चाचपडत निघत असेल, तर घरी पाच मिनिटंही घालवू नका, स्पीच थेरपिस्टकडे जा. त्यांनी वेगळ्या खुणा दिल्या तर त्यांच्याच वापरा आणि माझ्या विसरा, दोन पद्धतींत पोराचा काला होतो.

भाच्याचं विचाराल तर तो आता चौथीत आहे. परवा घरी आला होता, धाकट्या बहिणीला उताणी झोपवून तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून बसला होता आणि तिला म्हणत होता, कावळा हो, कावळा हो आधी. ती दोन वर्षांची आहे. मी म्हटलं अरे, तिला अजून वेळ आहे, उठू दे तिला.